गिळलेली एरर

"ताई, पडद्यावर शून्य हाय. जाऊ ना आत?" दिंडोरीच्या कोल्ड स्टोरेजमधून कादरचाचांचा फोन होता.

"शून्य असेल तर जा की, चाचा," हर्षाली म्हणाली आणि तिनं चहाचा कप उचलला.

द्राक्षांच्या त्या कोल्ड स्टोरेजची यंत्रं कादरचाचा सांभाळत. तिथला गारवा अमोनियावर चालतो, आणि अमोनिया गळला तर माणसाला श्वास घेऊ देत नाही. एरवी त्याचा उग्र वास लांबूनच सावध करतो, पण करोनात चाचांना वास येणं जे बंद झालं ते परत सुरू झालंच नाही. म्हणून गॅस मोजणारा सेन्सर बसला, आणि त्याचा आकडा दारातल्या पडद्यावर दाखवणारा प्रोग्राम हर्षालीनं नाशिकच्या ऑफिसात बसून लिहिला. आज सकाळपासून मशीनचं प्रेशर उतरत होतं, ते बघायला चाचा मशीन रूमकडे निघाले होते.

चहा पिता पिता तिनं सहज आपल्या स्क्रीनवर तिथले आकडे उघडले. शून्य. कालही शून्य, परवाही शून्य. चालू सेन्सरचा आकडा थोडा तरी इकडेतिकडे होतो. हा ढिम्म हलला नव्हता, म्हणजे सेन्सरच बंद पडला असणार.

तिनं कप खाली ठेवला.

हंगामाच्या पहिल्या कंटेनरची पूजा होती, तेव्हाची गोष्ट. कोल्ड स्टोरेजचे मालक रंगनाथशेठ नारळ फोडायला उभे, आणि नेमकी सेन्सरची वायर सैल होऊन भोंगा ठणाणा करायला लागला. प्रोग्राम आपलं काम चोख करत होता. आकडा मिळत नाही अशी एरर आली, की त्यानं बोंब मारायची. पण शुभकार्यात बोंब कोणाला हवी? "बंद करा हो ते!" शेठ खेकसले. पूजेला आलेल्या हर्षालीबाईंनी लॅपटॉप उघडला आणि एरर आली की काय करायचं ते सांगणाऱ्या कॅच ब्लॉकमधलं सगळं पुसून टाकलं. आता एरर आली तरी प्रोग्राम ती मुकाट्यानं गिळणार, आणि पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहणार. पूजा झाली की परत लिहू, असं तिनं ठरवलं होतं. मग वायर जोडली गेली, पेढे आले, फोटो झाले, आणि बाई साफ विसरल्या.

तिनं चाचांना फोन लावला. नुसती रिंग. मग मुकादमीण सरिताला, मग शेठना. कोणी उचलेना. उचलणार कसे? माल निर्यातीचा, आत जाताना प्रत्येकानं आपला मोबाइल दारातल्या क्रेटमध्ये टाकायचा, शेठनीसुद्धा, असा तिथला नियम.

गाडी काढली तरी दिंडोरी अर्ध्या तासावर. तोवर चाचा... पुढचा विचार तिला करवेना. हातात एकच गोष्ट होती. तिनं तो रिकामा ब्लॉक उघडला. आकडा मिळाला नाही, तर 'माहीत नाही' असं दाखव आणि भोंगा वाजव. एवढं लिहायला तिची बोटं चारदा चुकली. बदल तिकडे पाठवला, प्रोग्राम पुन्हा सुरू व्हायला लागला.

"उघडू नका चाचा, दार उघडू नका," ती मोठ्यानं म्हणत होती. शेजारचा ज्ञानेश टकामका बघत राहिला.

स्क्रीनवर उमटलं: माहीत नाही. म्हणजे तिकडे भोंगा वाजत असणार. वाजत असेल ना? इथे काय डोंबल ऐकू येणार होतं!

फोन आला. रंगनाथशेठ, आणि मागे भोंगा. "मॅडम, काय लावलंय हे? सगळं पॅकिंग टाकून बाया बाहेर पळाल्यात! आधी बंद करा!"

"नाही करणार. कादरचाचा कुठायत?"

फोन चाचांकडे गेला. "कडीला हात घातला होता ताई, भोंगा झाला तसा मागं पळालो. सरिता म्हणती, लय वास येतोय, डोळे झोंबत्यात. तुमच्या मशीननं वाचवलं बघा!"

हर्षालीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते कौतुक घेऊन गप्प बसणं फार सोपं होतं, आणि क्षणभर तिला तो मोहही झाला.

"नाही चाचा. मशीन तुम्हाला खोटं सांगत होतं. सेन्सर बंद होता, तरी शून्य दिसत होतं. पूजेच्या दिवशी मीच त्याचं तोंड बंद केलं होतं."

चाचांनी भोंग्याच्या वर आवाज चढवला.

"मग आता काय लिवलंय पडद्यावर?"

"माहीत नाही, असं लिहिलंय."

"एवढंच?" चाचा म्हणाले. "मला वास येत नाय, हे मी पहिल्याच दिवशी तुमाला सांगितलं होतं ताई. लाजलो नाय. तुमच्या मशीनला कसली लाज वाटत होती?"