आईंचे नमुने

बाईंचा कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्यांना वाटलं, टीव्ही पडतो तसाच पडला असेल. दुरुस्तीवाला येईल, पाठीत दोन थापा मारेल, होईल चालू. दुरुस्तीवाला आला, झाकण काढलं, आत नाक घालून हुंगलं आणि म्हणाला, "बोर्ड जळलाय. नवीनच घ्या. पण डिस्क शाबूत आहे, आतलं सगळं वाचलं."

बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या सगळ्यात त्यांचे नमुने होते.

बाई शिवण शिकवायच्या. घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा वर्ग. तीन मशिनी, कापायचं लांब टेबल, भिंतीला टेकवलेला आरसा आणि जमिनीवर कितीही झाडलं तरी उरणारे दोरे. आजूबाजूच्या दोन-चार गल्ल्यांतल्या निम्म्या बायका या खोलीत बाही लावायला शिकल्या होत्या. सगळे त्यांना बाईच म्हणत. मुलगासुद्धा चेष्टेत असला की म्हणायचा. फ्रॉक, शर्ट, कोट, लहान मुलांचे झगे, असे आयुष्यभर काढलेले नमुने त्यांनी खाकी कागदावर कापून, दोरीत ओवून ठेवले होते. कागद घड्यांवर फाटायला लागले तेव्हा सुनेने ते कॉम्प्युटरवर चढवायचं मनावर घेतलं.

सून छापखान्यात डिझाइनचं काम करायची. चालण्या-बोलण्यात इतकी झपाट्याची की बाईंनी तिचं नाव भिंगरी ठेवलं होतं. पण या कामाला ती बसली की तासन्‌तास हलायची नाही. कागद तुकड्या-तुकड्याने स्कॅन करायचा, पडद्यावर जोडायचा आणि वरून नव्याने रेघ मारायची. बाई शेजारी बसून सांगायच्या, "बाहीच्या मुंढ्याला जरा खोल घे. खांद्याला अर्धा इंच माया सोड." शिवणीसाठी जे जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात, हे भिंगरीला पहिल्यांदा कळलं तेव्हा ती खो खो हसली होती. "म्हणजे आई, माया कमी पडली की कपडा उसवतो?" असं तिने विचारलं होतं, आणि बाईंनी तिला टेप फेकून मारली होती.

काम पूर्ण झालं. पुढे घराला रंग काढला तेव्हा बाईंनी कागदांचा तो भारा स्वतःच्या हाताने रद्दीत घातला. कॉम्प्युटरमध्ये आहे ना सगळं, म्हणून.

नंतर भिंगरी घर सोडून गेली. त्या घरात ना भांडी आदळली, ना दारं. मुलगा आणि ती एकमेकांशी कामापुरतं बोलायला लागले, मग कामापुरतंही बोलेनासे झाले, आणि एके दिवशी दोन बॅगा दारात दिसल्या. घटस्फोटाचे कागद झाले त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती. मुलगा बाईंचा, तेव्हा बाई मुलाच्या बाजूच्या, असं सगळ्यांनी धरून टाकलं. बाईंनीही धरलं. त्यांनी भिंगरीला फोन केला नाही आणि तिचाही आला नाही.

दुरुस्तीवाल्याने जुनी डिस्क एका डबीत घालून नव्या कॉम्प्युटरला वायरने जोडून दिली. बाईंनी चष्मा चढवला आणि एकेक फोल्डर उघडत गेल्या. मुलाचा उघडला. लग्नाकार्याच्या फोटोंचा उघडला. नमुने होते त्या, भिंगरीच्या नावाच्या फोल्डरवर मात्र क्लिक केलं की चौकट यायची: तुम्हाला हा फोल्डर पाहायची परवानगी नाही.

"हे कोण मला नाही म्हणतंय?" बाईंनी मुलाला हाक मारली. "माझे नमुने, माझं घर, पैसे मी भरले."

मुलगा रविवारी बसला. तो हिशेबनीस, आकड्यांचा माणूस. कॉम्प्युटरशी त्याचं जमायचं, पण असल्या भानगडीत तो कधी पडला नव्हता. त्याने त्या फोल्डरच्या सेटिंगमध्ये शिरून बाईंचं नाव घातलं, ओके दाबलं. पडद्यावर नकारांची रांग लागली, एक मिटवला की दुसरा. दोनदा, चारदा केलं, मग माऊस बाजूला सारला.

"जाऊ दे ना आई. तू नवीन काढशील की."

मुलगा उठून गेल्यावरही बाई बराच वेळ त्या पिवळ्या चौकोनाकडे बघत राहिल्या. त्याच्याखाली भिंगरीचं नाव होतं. या घरात ते नाव लिहिलेलं दुसरीकडे कुठेही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. तो म्हणाला, "डिस्क दोन दिवस ठेवून जा. उघडून देतो सगळं."

"सगळं म्हणजे?"

"त्या मॅडमच्या नावाखाली जे जे असेल ते. फोटो, पत्रं, काय असेल ते. एकदा आत शिरलं की काही लपत नाही."

बाईंनी डबी पुन्हा पिशवीत टाकली. "मग नको," त्या म्हणाल्या. "तिला विचारायला हवं."

घरी येऊन त्यांनी फोन हातात घेतला, खाली ठेवला, पुन्हा घेतला. पलीकडून "हॅलो" आलं.

"मी बोलतेय गं."

"ओळखला आवाज." भिंगरी अडखळली. "आ... बोला ना. बरं आहे ना सगळं?"

तो अर्धवट 'आ' बाईंच्या काळजात रुतला. त्यांनी घाईघाईने बोर्ड, डिस्क, नकार सगळं सांगून टाकलं. "दुरुस्तीवाला उघडून देतो म्हणाला. पण तुझं काही असेल तर त्याने कशाला बघायचं? म्हणून म्हटलं तुलाच विचारावं."

"शनिवारी दुपारी येते," भिंगरी म्हणाली.

बाईंनी संध्याकाळी मुलाला सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमायची नाही.

"मी नसेन शनिवारी," तो म्हणाला, आणि पानात वाढलेलं मुकाट्याने संपवून उठला.

शनिवारी बाईंनी वर्गाला सुट्टी दिली. खोली दोनदा झाडली. भिंगरी आली ती केस कापून. मान उघडी पडली होती आणि त्यामुळे उगाच वाळल्यासारखी दिसत होती. दारात दोघींनाही कळेना, आता काय करायचं. एरवी ती दारातूनच बोलत बोलत आत शिरायची, चपला कुठे पडल्या हेही बघायची नाही. आज तिने चपला नीट जोडून ठेवल्या.

"चहा टाकते."

"आधी काम बघू."

बाई कॉम्प्युटरपुढे दुसरी खुर्ची ओढायला लागल्या तसं ती म्हणाली, "नाही, पुढे तुम्ही बसा. माऊस तुम्ही धरा. मी सांगते."

"मला कुठे येतंय ते! तू करून टाक ना पटकन."

"पुन्हा अडलं तर तुमचं तुम्हाला यायला हवं ना."

बाईंना अर्थ कळला. पुन्हा अडलं तर मला बोलवायला लागू नये, असं ती म्हणत होती. त्यांनी माऊस धरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात कात्री देऊन 'तू काप, मी सांगते' म्हणणाऱ्या बाई आज शिकणाऱ्याच्या जागी बसल्या, आणि त्यांनी मनाशी ठरवलं, शिकायचं तर सावकाश शिकायचं.

भिंगरीने त्यांना फोल्डरच्या सुरक्षेच्या पानावर नेलं. यादीत एक प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे लांबलचक आकडा होता.

"हे काय गं भुतासारखं?"

"ती मीच. जुन्या मशिनमध्ये माझं खातं होतं. हे नवीन मशिन मला ओळखत नाही, म्हणून नुसता नंबर दाखवतंय." ती हे इतक्या सरळ आवाजात बोलली की बाईंनी तिच्याकडे वळून बघायचं टाळलं. "त्या दिवशी तुम्ही काय केलंत? नुसतं नाव घातलंत?"

"मी नाही, त्याने घातलं."

भिंगरीने पडद्यावर बोट ठेवलं. "नुसतं नाव घालून चालत नाही. फोल्डरचा मालक अजून तो नंबर आहे. आधी मालक बदलायचा, मग परवानगी द्यायची. वर बघा, 'ओनर' लिहिलंय, त्याच्याशेजारी 'चेंज'. तिथे तुमचं नाव."

बाईंनी एका बोटाने नाव टाइप केलं. चुकलं. पुन्हा केलं. खाली एक रिकामा चौकोन आला आणि त्यांनी लगेच त्यावर बाण नेला.

"थांबा!" भिंगरीने त्यांचा हात धरला. "इथे खूण नको. इथे केलीत तर आतलं सगळंच्या सगळं तुमच्या नावावर होईल. हे फक्त दार आहे. दारापुरतंच घ्या."

हात धरलेलाच राहिला थोडा वेळ. मग तिने तो सोडला.

मग परवानगी दिली आणि दार उघडलं. आत पाच-सहा पिवळे चौकोन. एकावर लिहिलं होतं 'आईंचे नमुने'.

"आता ह्याच्यावर तेच सगळं करा, आणि ह्याच्यावर मात्र ती खूण करा. नाहीतर फोल्डर तुमचा आणि आतल्या फायली माझ्या, असं होऊन बसेल."

बाईंनी केलं. मग भिंगरीने सगळ्या चौकटी मिटून पुन्हा उघडायला लावल्या. मग परवानगीच्या पानावर बाईंचं नाव. मग पूर्ण अधिकार. हिरवी पट्टी सरकत गेली आणि पडद्यावर फ्रॉकचा घेर उमटला. पाठोपाठ कोट, कॉलरी, बाह्या. पांढऱ्यावर बारीक काळ्या रेघा, कडेने तुटक रेघेची माया.

दोघी बघत राहिल्या. "ही कॉलर आपण तीनदा काढली होती," भिंगरी म्हणाली.

"चारदा. चौथ्यांदा तू रडली होतीस."

"रडले नव्हते. डोळ्यांत धूळ गेली होती." ती हसली आणि उठून खिडकीशी गेली.

बाईंनी चहा टाकला. कप देताना विचारलं, "आणि ते बाकीचे? तुझे?"

"त्यांना हात लावला नाही. बंदच आहेत." ती कपात बघत म्हणाली. "हवं तर पुसून टाकते आत्ता. तुमची जागा अडकायला नको."

"नको," बाई इतक्या जोरात म्हणाल्या की त्या स्वतःच दचकल्या. "जागा भरपूर आहे त्यात. दुरुस्तीवाल्यानेच सांगितलंय."

भिंगरीने मान हलवली. पुसते म्हणाली नाही, राहू द्या असंही म्हणाली नाही.

बाई तिला बसथांब्यापर्यंत सोडायला गेल्या. वाटेत छापखान्यातलं नवीन मशिन, बाईंचा गुडघा, कापडाचे भाव असं काहीबाही निघालं. बस लांबून दिसली तेव्हा बाईंना धीर धरवेना.

"फोनवर 'आई' म्हणता म्हणता थांबलीस."

"कळलं नाही मला, आता म्हणायचं की नाही ते."

"कोणी अडवलंय?"

"अडवलं कोणीच नाही," भिंगरी म्हणाली. "पण मी तुम्हाला आई म्हणायला लागले की माझं पुन्हा तिथेच सुरू होतं. घर आठवतं. आठ दिवस कामात लक्ष लागत नाही. आज गेल्यावरही तेच होणार आहे. म्हणून परत बोलवू नका. बोलावलंत तर मी येईन, आणि मग मला फार जड जाईल."

बस थांबली. ती चढली. खिडकीची जागा मिळाली नाही, त्यामुळे बस सुटताना बाईंना तिचा फक्त दांड्याला धरलेला हात दिसला.

बाई लगेच घरी गेल्या नाहीत. काज-बटणाच्या दुकानात शिरल्या, काय हवंय असं विचारल्यावर त्यांना काही सांगता येईना, म्हणून पांढऱ्या दोऱ्याची रिळं घेऊन बाहेर पडल्या. घरात पांढरा दोरा ढिगाने होता.

मुलगा दिवेलागणीला आला. त्याने पुढच्या खोलीत डोकावून बघितलं. बाई कॉम्प्युटरपुढेच होत्या.

"झालं?"

"झालं."

तो दारातच उभा राहिला. "कशी आहे?"

"बरी आहे. केस कापलेत. वाळलीय थोडी."

"माझ्याबद्दल काही विचारलं?"

खोटं बोलावं असं बाईंच्या मनात येऊन गेलं. एवढंसं खोटं, कोणाचं काय जाणार होतं? पण मुलगा त्यांच्या तोंडाकडे बघत होता.

"नाही रे," त्या म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. मग आत येऊन पडद्याकडे वाकला. बाईंनी एकेक नमुना पुढे सरकवत नेला. तो आकड्यांचा माणूस, त्याने कोपऱ्यातल्या तारखा वाचल्या. "हे सगळं केव्हा केलंत तुम्ही दोघींनी?"

"सुट्टीच्या दुपारी. तू आत झोपलेला असायचास तेव्हा."

"मला वाटायचं ती माझ्यावर चिडून इथे येऊन बसते."

"तसंही असेल," बाई म्हणाल्या. "पण काम करायची."

त्याने दुसरी खुर्ची ओढली, बसला, आणि मांडीवर हात ठेवून एखाद्या पहिल्या दिवशीच्या विद्यार्थ्यासारखं विचारलं, "ही तुटक रेघ कसली आहे गं? सगळीकडे काढलीय तिने."

बाई त्याला सांगायला लागल्या.