न सुटणारी डिस्क

चाचणी पुन्हा नापास झाली, तेव्हा राघवेंद्र सकाळपासून कुणाशी एक शब्दही बोलला नव्हता. तंजावुरातल्या त्या भाड्याच्या घरात बोलायला होतंच कोण? बायको हरिता कोइंबतूरच्या कॉलेजात शिकवायला लागली होती, लेक सौम्या तिच्याबरोबर गेली होती, आणि मागे उरले होते तो आणि कंपनीनं पाठवलेलं एक घरघरणारं मशिन.

काम ऐकायला सोपं. त्या मशिनच्या पोटात एक खोटा कंप्युटर चालवायचा, व्हर्च्युअल मशिन म्हणतात तो. तो चालू असतानाच त्याला जादा डिस्क जोडायची, तिच्यावर फाइल लिहायची आणि कंप्युटर बंद न करता डिस्क काढून घ्यायची. जोडणं बिनबोभाट होई. काढायची वेळ आली की घोडं अडे. डिस्क वापरात आहे, सोडता येत नाही, एवढंच उत्तर. बंगळुरात नंदिताकडे हीच चाचणी मुकाट्यानं पास होई. ती त्याची वरिष्ठ. तिचा संशय ह्याच्याच मशिनवर होता, आणि दोष सापडेपर्यंत ते जागचं हलवायचं नाही असं तिनं बजावलं होतं.

मशिन हललं नाही म्हणून हाही हलला नाही. पोंगलच्या सणाला येतो म्हणाला, गेला नाही. सौम्याच्या वाढदिवसाला येतो म्हणाला, तेव्हाही तेच. ही चाचणी पास झाली की निघालोच, हे त्याचं ठरलेलं उत्तर. हरिता आधी भांडली, मग गप्प झाली. शहाण्या माणसानं त्या गप्प होण्याला घाबरायला हवं होतं. ह्याला वाटलं, तिला पटलं.

त्या दुपारी त्यानं चाचणी सुरू केली आणि खालच्या मजल्यावरून घरमालकीण कनकलतामामींनी हाक मारली. टाकी भरून वाहत होती, मोटर बंद करायची होती. तो धावत खाली गेला. बायको कधी येणार म्हणून मामींनी तमिळमध्ये विचारलं, तो मोटर बंद करून जिना चढायला लागला. वर येऊन बघतो तर पडद्यावर हिरवी ओळ. पास.

त्याचा विश्वास बसेना. नेहमीसारखा समोर बसून पुन्हा चालवली. नापास. मग चाचणी सुरू करून तो मुद्दाम गच्चीत जाऊन उभा राहिला. पास. आता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि कान तापले. डिस्क जोडली गेली की बाजूची एक विंडो उघडून तो त्या डिस्कच्या फोल्डरमध्ये शिरे, फाइल आली का बघे आणि तिथंच ठाण मांडून बसे. कुणी आत बसलेलं असताना कंप्युटर डिस्क सोडेल कशी? चालू असलेला एकूण एक प्रोग्रॅम त्यानं तपासला होता. आपण तर नुसते बघतोय, म्हणून स्वतःला तेवढं त्यानं कधी धरलंच नव्हतं. नंदिता चाचणी लावून चहाला उठून जाई. हा कुठे जाणार? काही टाइप केलं की उत्तर येई, अशी घरात तेवढी एकच जागा होती. त्याला फार एकटं वाटे, आणि हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं.

नंदिताला कळवलं तेव्हा ती मनमुराद हसली. मशिन परत पाठव आणि हवं तिथून काम कर, म्हणाली. त्यानं लगेच हरिताला फोन लावला आणि दोष सापडला, संध्याकाळच्या बसनं निघतो, असं एका दमात सांगून टाकलं.

"या," हरिता म्हणाली. आवाजात राग नव्हता.

"सौम्याला दे फोन. मीच सांगतों तिला."

"नक्को. तिला कांही सांगूं नका. अप्पा येतात म्हणून सांगितलं की ती गेटपाशी जाऊन बसते, जेवायला उठत नाही. तुम्ही या. आलांत की दिसालच तिला."

तो बरं म्हणाला. पलीकडे सौम्या कुणाशी तरी तमिळमध्ये हसून बोलत होती. हरिता फोन ठेवीपर्यंत तो ते ऐकत राहिला.