फोडायची राहिलेली सुपारी

मी मगन नानांचा अडकित्ता. पितळेचा देह, पोलादी पातं. धार अजून उतरलेली नाही.

धुळ्यात देवपूरला माझं आयुष्य गेलं. नाना दोस्तांना व्याजाने पैसे देत. शेकडा दोन रुपये. दोस्त म्हणून व्याज सोडत नसत, आणि दोस्त म्हणूनच कागद करत नसत. पैसे देताना मी एक सुपारी फोडायचो. अर्धी नानांच्या तोंडात, अर्धी घेणाऱ्याच्या. फेड झाली की पुन्हा एक. ती फुटली की हिशेब मिटला.

नासीर गाद्या भरतो. नानांचा लहानपणचा सोबती. कापूस पिंजायच्या मशीनसाठी त्याने पैसे उचलले होते. त्याच्या घरी व्याज हा शब्द चालत नाही. तो 'वरचे' म्हणायचा. नाना म्हणायचे, वरचे म्हण नाहीतर खालचे, तारीख चुकवू नको.

शेवटचे पैसे त्याने दिले, तेव्हा घरात दोघंच होते. नानांनी गालावर हात ठेवला.

"बठ्ठा हिसाब मिटना, नासीर. सुपारी सकाय फोडूत. आज दात दुखतस."

"दात शेतस तरी कितला, भाऊ?"

दोघं हसले. सुपारी सकाळवर राहिली. दुसऱ्या दिवशी उजाडताना नाना गेले.

तेराव्यानंतर मुलगा प्रेमराज याने नासीरला पैशाचं विचारलं. फेडले, असं तो म्हणाला.

"काका, सुपारी फोडली होती का?"

नासीरने माझ्याकडे पाहिलं.

"नाही."

खोटं बोलला असता तर कोण धरणार होतं? प्रेमराजने पैसे पुन्हा मागितले. नासीर वाद न घालता कबूल झाला. मशीन विकतो म्हणाला.

तेव्हापासून घर ठीक नाही. बंद करून ठेवलेला पानाचा डबा उघडा सापडतो. नानांच्या बायकोला, कमलबाईंना, बाजेवर नाना दिसतात, हात पुढे केलेला, तळहात रिकामा. माझ्या मुठीवर नानांची बोटं येतात. गार. पण त्यांना जोर नाही.

आज नासीर सांगून गेला, गिऱ्हाईक लागलं, सकाळी मशीन नेतील. तो वळताच कमलबाई उठल्या आणि त्यांनी माझ्या पात्याखाली सुपारी धरली. प्रेमराजने त्यांचं मनगट पकडलं.

"आई, पैसे येऊ दे आधी."

त्यांनी मला तसंच फळीवर ठेवलं. सुपारी पात्याखालीच आहे. बाजेवरून कुणीतरी माझ्याकडे बघतंय.

मी कधी कुणाकडे काही मागितलं नाही. आज मागतो. मशीन नासीरच्या दाराबाहेर पडायच्या आत, जिवंत हाताच्या कुणीतरी माझी मूठ दाबा.