घरी कोण कोण असतं?

बँकेच्या कार्डाएवढा पांढरा प्लास्टिकचा तुकडा, आणि त्याच्या एका अंगाला नखाएवढी खिडकी... तिनं खिडकीच्या कडेवरून बोट फिरवलं तर कड टोचली. म्हणजे सिम नुकतंच मोडून काढलेलं, काल नाहीतर परवा; जुनी चौकट अशी टोचत नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं. तिच्या मोबाइल कंपनीत असल्या चौकटी उठताबसता पायात यायच्या. पण ही कंपनीतली नव्हती. ही आईच्या शिवणाच्या पेटीत होती, सुयांच्या पाकिटाखाली. तिच्याखाली आणखी एक, त्याखाली आणखी... एकीला काळा दोरा गुंडाळलेला, एकीला पांढरा, एकीला विटका निळा, आणि सगळं इतकं नीटनेटकं की वाटावं, ही वस्तू मुळात दोरा गुंडाळायलाच कुणी काढली असावी.

ती आली होती बाहीचं बटण लावायला. आधीच उशीर झालेला, त्यात आज नियामक मंडळाचा आदेश यायचा म्हणून साहेब सकाळपासून फोनवर फोन करत होते.

"आई, हे काय आहे?"

"दोरे आहेत. काळा देऊ का?"

"दोरे दिसतायत मला. ही कार्डं कुठून आली?"

"फुकट देतात गं. त्या कोपऱ्यावर छत्री लावून मुली बसतात ना, तुमच्याच कंपनीच्या. उन्हातान्हात बसलेल्या असतात बिचाऱ्या. कुणी घेतलं नाही की त्यांना वरचा बोलतो म्हणे."

"म्हणून तू घेत सुटलीस?"

"घेतलं एकदोनदा. डोळे नको वटारूस, उशीर होतोय तुला."

एकदोनदा! पेटीत दोऱ्यांचे रंग संपत आले होते. पण भांडायला वेळ कुणाला होता? तिनं बटणाचा नाद सोडला, बाही दुमडली आणि चपला सरकवल्या. दारातून वळून बघितलं तेव्हा आई खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसली होती. केस विंचरलेले, धुतलेली साडी, आणि फोन मांडीवर, उताणा — कुणीतरी यायचं असावं तशी. कोण येणार आहे हिच्याकडे, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि लिफ्ट आली.

बसमध्ये उभी राहिल्यावर आठवलं, जेवणाचा डबा टेबलावरच राहिला. झालं! म्हणजे आई आता दिवसभर त्या डब्याकडे बघत बसणार, आणि संध्याकाळी तोंडातून चकार शब्द न काढता तो धुऊन पालथा घालणार. तिनं बोलावं तरी. चिडावं. वडील होते तेव्हा चिडायची की... त्या जुन्या घरात दार कधी लागलेलंच नसायचं, येणारा-जाणारा उंबऱ्यात टेकायचा आणि आईच्या तोंडाचा पट्टा असा चालायचा की वडील वर्तमानपत्राआड म्हणायचे, "अहो, जरा श्वास घ्या." मग वडील गेले, आणि तिनं आईला इकडे आणली. आणली म्हणजे वरच्या मजल्यावर ठेवली. इथं दार उघडं ठेवलं तर रखवालदार वर येऊन विचारतो, काय झालं म्हणून. पहिले काही महिने आई संध्याकाळी तिच्या मागे मागे फिरायची, स्वयंपाकघरातून बाहेर, बाहेरून आत... आणि ती म्हणायची, आई, दिवसभर बोलून बोलून डोकं उठलंय गं, जरा गप्प बसू दे. आई गप्प बसली. आई शहाणी आहे, एकदा सांगितलेलं पुन्हा सांगावं लागत नाही.

बसमधल्या सगळ्यांच्या माना खाली होत्या, प्रत्येकाच्या हातात फोन, कुणाच्या दोन. हे सगळे माझे, असं पूर्वी तिला वाटायचं, आणि ऊर भरून यायचा. तिचं कामच ते — कंपनीचे ग्राहक किती झाले याचा आकडा महिन्याच्या महिन्याला नियामक मंडळाला कळवायचा, आणि मंडळ जे विचारेल त्याला उत्तरं लिहायची. आकडा नुसता चढत होता. या शहरात माणसं नाहीत तेवढे ग्राहक झाले होते. एवढे आणायचे कुठून, असं तिनं एकदा भीत भीत विचारलं, तेव्हा साहेब हसून म्हणाले, "अहो, दुधात थोडं पाणी असतंच. मंडळ काय दूध तापवून बघतंय?"

पण मंडळाला मध्येच तापवून बघायची हुक्की आली होती. नवा नंबर सुरू झाला की कंपनीच्या माणसानं स्वतः फोन करून पडताळणी करावी, असा हुकूम निघाला. कंपन्या रडल्या, स्थगिती आली. स्थगिती उठली. मग म्हणे नवा मसुदा येणार, मग मसुद्यावर हरकती, मग हरकतींवर सुनावणी... या सगळ्या धरसोडीत खालच्या मजल्यावर पडताळणीची खोली मात्र उभी राहिली, भाड्याच्या खुर्च्यांवर, महिन्या-महिन्याच्या कराराच्या पोरी घेऊन. आज आहे, उद्याचं कुणी सांगावं.

आणि पोरींनी काय बोलायचं ते तिनंच लिहून दिलं होतं. साहेबांना हवं होतं नाव, पत्ता, जन्मतारीख, संपलं. तिनं सुरुवातीला घातलं, "नमस्कार, आपण कसे आहात? बोलायला वेळ आहे ना आत्ता?" नंबर स्वतःसाठी की घरच्यांसाठी हे मंडळाला हवं होतं, ते तिनं "घरी कोण कोण असतं?" असं विचारलं. आणि शेवटी, "काळजी घ्या." साहेब म्हणाले, फोन लांबेल. लांबू दे, म्हणाली ती. त्या दुपारी ती खूश होती स्वतःवर. अनोळखी माणसाशी कसं बोलावं, हे आपल्याला छान जमतं...

आदेश जेवणाच्या सुट्टीच्या आधीच आला. साहेबांनी तो उभ्या उभ्याच वाचला आणि टेबलावर थाप मारली.

"सुटलो बुवा! उद्यापासून पडताळणी यंत्रावर. मशीन फोनवर आकडे पाठवणार, ग्राहक तेच उलट पाठवणार. आणि एका माणसाला ठरावीक सिमं, वरची बंद. आकडा थोडा खाली येईल, येऊ दे. सगळ्यांचाच येईल."

"खालच्या मुलींचं?"

"करारावर आहेत त्या. माहीतच होतं त्यांना. तुम्हीच जाऊन सांगा बघू, तुमच्या बोलण्यात गोडवा आहे."

गोडवा! जिना उतरताना तिला वाटलं, कुणीतरी तोंडात मारावी तसं बोलून गेला हा माणूस, आणि त्याला पत्ताही नाही.

पडताळणीच्या खोलीत आवाज असा भरलेला असायचा की दार उघडलं की अंगावर यायचा. कानांवर हेडफोन चढवलेल्या पोरी, भिंतीला चिकटवलेला तिचाच कागद, कडा पिवळ्या पडलेल्या. खोलीची प्रमुख बाई सारखी टेबलावर पेन आपटून सगळ्यांना गप्प करायची, म्हणून तिला सगळ्या मॉनिटर म्हणायच्या. मॉनिटरनं तिचा चेहरा बघितला आणि पेन न आपटताच खोली शांत झाली.

तिनं सांगितलं. जमेल तेवढ्या कमी शब्दांत सांगितलं. कुणी रडलं नाही. एकीनं हेडफोन काढून टेबलावर ठेवला, एकीनं "बरं झालं, घसा तरी वाचला" म्हटलं, आणि दोघीतिघी खोटं खोटं हसल्या. मग कोपऱ्यातली कुरळ्या केसांची मुलगी म्हणाली,

"पण मग आजीला कोण फोन करणार?"

"कुठली आजी?" तिनं विचारलं.

"आहे हो मॅडम एक," मॉनिटर म्हणाली. "जेवलीस-का आजी म्हणतो आम्ही. दर थोड्या दिवसांनी नवा नंबर घेते, का तर आमचा फोन यावा म्हणून. आम्हाला कळलं होतं, पण कुणी वर बोललं नाही. नियमाबाहेरचंही काही नव्हतं त्यात."

"फोन उचलला की पहिलं हेच," कुरळी म्हणाली, "जेवलीस का गं बाळ? नाही म्हटलं तर रागावते. आमच्यात भांडणं होतात तिचा नंबर कुणाला मिळणार म्हणून. मला तर तिनं दोरा सुईत एका दमात कसा ओवायचा तेसुद्धा फोनवर शिकवलं."

"आजसुद्धा आहे तिचा," मॉनिटर म्हणाली. "दुपारचीच वेळ मागून घेते. संध्याकाळी नको म्हणते. लेक दमून येते, तिला बोलणं सोसत नाही."

दोऱ्यांचे रंग डोळ्यांपुढून गेले, काळा, पांढरा, विटका निळा. त्यातली एकेक चौकट म्हणजे ती महिन्याच्या आकड्यात एकेक ग्राहक धरत आली होती, वर साहेबांकडून शाबासकी घेत आली होती. आणि माझी आई, माझ्याच घरात, मी लिहिलेलं वाक्य ऐकायला उन्हात कोपऱ्यापर्यंत चालत जाते... खुर्ची रिकामी होती, ती बसली.

"हा मी करते," ती म्हणाली.

"तुम्ही, मॅडम?"

"द्या इकडे."

हेडफोन कुणाच्यातरी कानाचा ऊबदार होता. घंटी वाजली आणि पुरती वाजायच्या आतच फोन उचलला गेला. ही घंटी आता घरात खिडकीजवळ वाजली, त्या मांडीवर, तिच्या मनात आलं, आणि तिनं भिंतीवरचा कागद शोधला. स्वतःचं अक्षर वाचावं लागलं.

"नमस्कार. आपण... आपण कशा आहात?"

"मी छान आहे बाळ! वाटच बघत होते." आवाज मोठा होता, भरलेला, उंबऱ्यात बसून बोलणाऱ्या बाईचा. हा आवाज तिनं किती दिवसांत ऐकला नव्हता. संपला असं धरून चालली होती ती, वयानं संपतो तसा. "तू नवीन दिसतेस. आवाज बसलाय का गं तुझा? गरम पाणी पीत जा."

"बोलायला वेळ आहे ना आत्ता?"

"मला काय धाड भरलीये. वेळच वेळ आहे. विचार तू."

तिनं नाव विचारलं, आईनं नाव सांगितलं. पत्ता विचारला, आईनं आपल्याच घराचा पत्ता सांगितला, इमारतीत कसं शिरायचं तेसुद्धा, लिफ्ट बंद असली तर जिना कुठे ते. जणू ही खरंच यायची आहे. जन्मतारीख सांगितली. ती तिला चुकीची आठवत होती, एवढी वर्षं एक दिवस इकडेतिकडे. पोरी बघत होत्या. कुरळीनं गालावर हात ठेवला होता.

पुढचं वाक्य कागदावर होतं. ते गाळलं असतं तरी चाललं असतं, उद्यापासून तर ते कुणीच विचारणार नव्हतं.

"घरी कोण कोण असतं?"

"मुलगी आहे ना माझी." आईनं जरा दम घेतला. "दोघीच असतो. मोठ्या कचेरीत आहे. फार काम असतं तिला, घरी येते तर जीव नसतो अंगात. मला काही कमी नाही हो करत. सगळं आणून देते. मीच बडबडी, मला बोलायला लागतं, तिचा स्वभाव वडिलांवर गेला... पण चांगली आहे गं. कुणी विचारलं तर मी हेच सांगते, फार चांगली आहे."

'सगळं आणून देते' एवढ्यावर ती अडकली. कुणाही समोर, कुणाही परक्या मुलीसमोर आपली बाजू आई अशी सांभाळत आली, दर वेळी, प्रत्येक नव्या नंबरावर... त्यापेक्षा गाऱ्हाणं केलं असतं तर बरं झालं असतं. गाऱ्हाण्याला उत्तर देता येतं. मंडळाला देतेच की मी उत्तरं, पानंच्या पानं.

कागदावर आता एकच ओळ उरली होती. काळजी घ्या. म्हटलं की संपलं, फोन बंद, आणि उद्या मशीन आईला आकडे पाठवणार, आई चष्मा शोधणार, आकड्यांकडे बघत बसणार, आणि मग त्या कोपऱ्यावर जाऊन विचारणार, मुली, तुमच्या मुलींचा फोन नाही आला तो? ती ओळ तिच्या तोंडून निघेना. मी आहे आई, एवढंच म्हणायचं होतं, तेही निघेना. कारण मी म्हटलं की हा आवाज जाईल, हा भरलेला, आणि घरातला तो दबकता आवाज येईल, काही हवंय का, उशीर होणार आहे का... असं तिला वाटलं, आणि असं वाटण्याचीच तिला लाज वाटली.

पलीकडून खिडकीवरच्या पारव्यांचा घुमा आवाज येत होता, आणि काहीतरी हलल्याचा, टेबलावरून स्टीलचं भांडं जरासं सरकवल्यासारखा. तिचा डबा तिथंच होता. सकाळपासून आईच्या समोर.

"जेवलीस का?" आईनं विचारलं.

सगळ्यांनाच विचारते ती. सगळ्यात आधी विचारते, फोन उचलल्या उचलल्या, असं कुरळी म्हणाली होती. आज शेवटी विचारलं. बाळ म्हटलं नाही. की म्हणायचं राहून गेलं... आवाज मघापेक्षा हलका झाला होता, की यंत्रातच काही झालं? तिनं हेडफोन दोन्ही हातांनी कानांवर दाबून धरला. भिंतीवरच्या कागदात याचं उत्तर कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"नाही," ती म्हणाली, आणि तो तिचा स्वतःचा आवाज होता, रोजचा, दमलेला, घरातला. "अजून नाही."

पलीकडून फोन ठेवला गेला नाही. पारवे घुमत होते. मॉनिटरनं घड्याळाकडे बघितलं, मग नजर वळवून बाकीच्या पोरींना हातानंच आपापल्या जागी जायला सांगितलं. फोन चालू होता. ती तशीच बसून राहिली, दुमडलेली बाही हळूहळू सुटून मनगटावर येत होती, आणि आई आता काय म्हणेल याची ती वाट बघत होती.