बारावं बूच

त्याला सगळे फडके म्हणत. ते त्याचं आडनाव नव्हे. हातात सदान्‌कदा पांढरं फडकं असायचं, म्हणून पडलेलं नाव. गाड्यांच्या इंजिनाला डिझेल पुरवणारे पंप दुरुस्त करणारा माणूस आणि नखात काळं नाही, असा हा एकच नमुना. चहाचा कपसुद्धा तो आधी उजेडात धरून बघायचा. धूळ म्हणजे पंपाला विष, हे त्यानं इतक्यांदा सांगितलं होतं की गिऱ्हाइकं दारातच पाय पुसून आत येत.

दुकान मात्र त्याचं नव्हतं, सासऱ्यांचं होतं. आप्पांनी त्याला हाताला धरून काम शिकवलं, वर मुलगी दिली, पण मागच्या खोलीची किल्ली काही दिली नाही. त्या खोलीत टेस्ट बेंच होतं. पंप गाडीवर चढवण्याआधी त्यावर फिरवायचा आणि कुठल्या नळीतून किती डिझेल पडतं ते बघायचं. बावीस वर्षं रोज सकाळी आप्पा खिशातून किल्ली काढून कुलूप उघडत आणि फडके मागं उभा राही. पन्नाशी आली, चष्मा लागला, तरी हा आपला उभाच. त्याला दुकान नको होतं, पाटीवर नाव नको होतं. ती एक किल्ली हवी होती. पण मागायची कशी? सासऱ्यांकडं किल्ली मागणं म्हणजे, तुमचं आता वय झालं, असं तोंडावर सांगणं.

अशात मेव्हण्यानं टर्बो आणला. त्याचा विटा वाहणारा ट्रक म्हातारा झाला होता आणि पाण्याच्या टाकीचा चढ लागला की रडायला यायचा. "दाजी, सायकलवाले मागून घंटी मारतात हो," मेव्हणा म्हणाला. टर्बो इंजिनात जास्त हवा कोंबतो, पण जास्त हवेला डिझेलही जास्त लागतं. म्हणून फडक्यानं पंपाच्या डोक्यावर एक डबी बसवली. डबीत रबरी पडदा. टर्बोची हवा एका बारीक नळीतून येणार, पडदा दाबणार, आणि पडदा दबला की पंप डिझेल वाढवणार.

आप्पांना हे थेर पसंत नव्हते. खुर्चीतून ते म्हणाले, "करा, जावईबापू. भरलेला ट्रक टाकीचा चढ चढला, तर ही किल्ली मी पुन्हा खिशात ठेवणार नाही. शनिवारपर्यंत नाही चढला, तर टर्बो काढायचा आणि पंप होता तसा करून द्यायचा."

फडके मनात हरखला. वरकरणी तो नळीच पुसत राहिला.

मंगळवारी ट्रक विटा भरून निघाला. टर्बोची शिट्टी अशी सुंदर वाजली की चार माणसं बाहेर येऊन बघायला लागली. आणि चढाच्या निम्म्यावर ट्रक होता तसाच रडायला लागला. ना धूर, ना ओढ. मागून सायकलची घंटी वाजली ती वेगळीच.

फडक्यानं पंप उतरवून बेंचवर लावला. बेंचच्या नळीनं डबीत हवा दिली, तर डिझेल बरोब्बर वाढलं. पंपात खोट नव्हती. गाडीवर चढवला की मात्र पंप नवरदेवासारखा रुसून बसायचा. बुधवारी त्यानं डिझेलचा मुख्य स्क्रू पाव फेरा पिळला. ट्रकनं जागेवरच असा काळा धूर ओकला की समोरच्या शिंपीणबाईंनी वाळत घातलेले तीन पांढरे शर्ट उचलून आणून मुकाट्यानं त्याच्या टेबलावर ठेवले. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गुरुवारी त्यानं टायमिंग पुढं घेतलं, म्हणजे डिझेल जरा आधी पडेल असं केलं, तर इंजिन पत्र्यावर खडे टाकल्यासारखं वाजायला लागलं. फिल्टर बदलला. हवेच्या नळीला साबणाचं पाणी लावून बघितलं, एक बुडबुडा नाही. नळी कुठंही गळत नव्हती.

"दाजी, शिट्टी तेवढी फार गोड आहे," मेव्हणा म्हणाला. "ट्रक विकून शिट्टीच ठेवू का?"

फडके पाना उचलून ट्रकखाली शिरला.

शनिवार उजाडला. आप्पांनी खुर्ची दारात आणून ठेवली आणि ट्रककडं तोंड करून बसले. कुणी मेलं की बसतात तसे. फडके पाने घेऊन उभा होता, टर्बो सोडवायच्या बेतात. त्याला खरंच रडायला येत होतं. तेवढ्यात बायको मागच्या दारानं आली, हातात पत्र्याचा डबा.

हा डबा बुचांचा. फडके पंप सोडवायला बसला की जे भोक उघडं पडेल त्याला तो ताबडतोब बूच मारायचा, धूळ जाऊ नये म्हणून. रबरी बुचं, वर कापड शिवलेलं, आणि प्रत्येकाला लाल शेपटी. अशी एक डझन. दर आठवड्याला बायको ती धुऊन, वाळवून, मोजून डब्यात भरायची.

"अहो, अकराच भरतायत," ती म्हणाली.

"इथं माझी अब्रू चाललीय, आणि तू बुचं मोजत बसलीस?"

"मी मोजलं नाही तर कोण मोजणार? तीनदा मोजली. तुम्ही टर्बो बसवला त्या दिवशी बारा दिली होती."

फडक्याला एकदम आठवलं. सोमवारी त्यानं टर्बोच्या पाइपवर डबीच्या नळीसाठी बारीक भोक पाडून तोटी बसवली होती आणि तोटीला लगेच बूच मारलं होतं. तेवढ्यात आप्पा मागं येऊन उभे राहिले. आप्पा मागं आले की त्याचे हात दुप्पट वेगानं चालायचे, आणि डोकं निम्म्या. त्यानं बुचावरूनच नळी चढवली होती, शेपटीसकट. नळीतून हवा गळणार कशी? ती नळीत शिरलीच नव्हती.

आप्पांचे डोळे मिटलेले दिसले. फडके इंजिनावर वाकला, क्लिप सोडली, बूच उपटलं आणि शर्टाच्या खिशात कोंबलं. मग जे जे पिळलं होतं ते सगळं बेंचच्या खुणेवर परत आणलं. "एकदा शेवटचं बघू," तो मेव्हण्याला म्हणाला, अगदी सहज.

विटांनी भरलेला ट्रक टाकीचा चढ असा चढला की सायकलवाले बाजूला झाले. वर पोचल्यावर मेव्हण्यानं इतका वेळ हॉर्न वाजवला की खाली दुकानात ऐकू आला.

आप्पांनी डोळे उघडले. "काय होतं, जावईबापू?"

"काही नाही, आप्पा. बारीकसं सेटिंग होतं."

"अस्सं. सेटिंगला शेपटी असते?"

फडक्यानं खाली बघितलं. खिशातून चार बोटं लाल शेपटी लोंबत होती. बायकोनं डबा तोंडापुढं धरला. हसत होती, दुसरं काय.

"माझी चूक झाली, आप्पा," फडके म्हणाला. कानापर्यंत लाल झाला होता. "टर्बो काढायचा तर काढतो."

"चढला ना ट्रक? मग कशाला काढता?" आप्पांनी शेपटीकडं बोट केलं. "शेपट्या लाल का आहेत, कधी विचारलंत? आधी नव्हत्या. मी एकदा आगीच्या बंबाच्या पंपात बूच विसरलो. बंब पोचला तेव्हा आग आपली आपण विझली होती, लोक घरी जाऊन जेवत होते. त्या दिवसापासून हिच्या आईनं शेपट्या शिवल्या आणि मोजायला लागली. ती गेल्यावर ही मोजते. मी आजवर मोजलेली नाहीत, आणि तुमच्यानंही व्हायचं नाही."

आप्पांनी खिशातून किल्ली काढली. फडक्यानं हात फडक्याला पुसले, दोन्ही बाजूंनी, आणि पुढं केले. आप्पांनी त्याच्या हातावरून हात पलीकडं नेला आणि किल्ली मुलीच्या डब्यात टाकली.

"खिशात ठेवणार नाही म्हणालो होतो," ते म्हणाले. "नाही ठेवली."

फडक्याला वाईट वाटलं. का वाटू नये? रात्रभर कूस बदलत होता. पण सोमवारी सकाळी मागच्या खोलीच्या दाराशी पंप पुसत उभा राहिला तेव्हा आप्पा मागं नव्हते आणि त्याचे हात दुप्पट वेगानं चालत नव्हते, हे त्याचं त्यालाच जाणवलं. बायको आली, कुलपाला किल्ली लावली आणि थांबली.

"हात दाखवा आधी," ती म्हणाली.

त्यानं दाखवले. तिनं ते उजेडात धरून नीट बघितले, आणि मग दार उघडलं.