हुंबळ म्हणजे काय

सुताराची बायको जाऊन तीन महिने झाले होते. तिच्या कविता छापायचं तिच्या धाकट्या भावाने ठरवलं, आणि तेही सुताराला न विचारता. भाऊ शाळेत मास्तर होता. पुस्तक संध्याकाळी छापखान्यात जायचं होतं. मूळ वही सुताराकडे होती आणि एक शब्द ताडून बघायचा होता, म्हणून मास्तर दुपारी कच्ची पानं घेऊन आला. नाहीतर तो या घराची पायरी चढला नसता.

सुताराने त्याला पाणीसुद्धा विचारलं नाही.

"हुंबळ," मास्तर वहीत बोट ठेवून म्हणाला. "अक्षर बरोबर आहे. पण कोशात नाही. तुम्ही कधी ऐकलात ताईच्या तोंडून?"

"नाही."

"वाटलंच. तिचं काय ऐकलंत तुम्ही कधी."

सुताराने ते गिळलं आणि पान ओढून घेतलं. कवितेखाली बारीक अक्षरात टीप होती. 'हुंबळ : हुंदका आणि तळमळ मिळून कवयित्रीने घडवलेला शब्द. पतीच्या धाकात दाबून ठेवलेले रडू.'

त्याने ती दोनदा वाचली. हे दोनशे लोक वाचणार होते, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरची दारं त्याने बसवलेली होती. पण त्याला जास्त झोंबलं ते वेगळंच. बाई गेली, आणि आता तिच्या नावावर काहीही खपवायला हा मोकळा.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"कवितेनेच. त्यात किंचाळणं आहे. घरात माणसं दोन. ताईने जन्मात आवाज चढवला नाही. मग राहिलं कोण, भाऊजी?"

"वाच. मोठ्याने वाच."

मास्तरने वर्गात वाचावी तशी वाचली.

"हुंबळ झटकते, पायाने सरकवते,
उजेडाची रेघ विझते.
पलीकडचं किंचाळणं मऊ होतं,
आणि मला माझं ऐकू येतं."

"रडू झटकता येतं?" सुताराने विचारलं.

"कवितेत येतं."

"आणि पायाने सरकवता येतं?"

मास्तरने त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं.

"शब्द अडला तर आजूबाजूला बघा, असं पोरांना सांगत असशील ना? की त्यांनाही असंच ठोकून देतोस?"

"मग तुम्ही सांगा. तुम्ही मोठे पंडित."

सुताराने कानावरची पेन्सिल काढली आणि फळीवर खूण करावी तशी शब्दाखाली रेघ मारली. "झटकते. म्हणजे धूळ बसणारी वस्तू. कापडाचं काहीतरी. पायाने सरकवते. म्हणजे जमिनीवर आहे, आणि जड नाही. मग उजेडाची रेघ..."

तो थांबला.

"अडलात ना," मास्तर म्हणाला. "आशेची रेघ असते ती."

सुतार स्वयंपाकघर आणि कारखाना यांच्यामधल्या दाराकडे बघत होता. दार त्यानेच केलं होतं आणि मापात दोन बोटं चुकला होता. बदलतो बदलतो म्हणत अकरा वर्षं गेली, कारण लोकांची दारं आधी. खालच्या फटीतून कारखान्यातल्या ट्यूबचा उजेड आत यायचा. जेवण झालं की तो पलीकडे जायचा, दार लावायचा, करवतीचं मशीन चालू करायचा. त्यानंतर दाराच्या या बाजूला काय होतं, ते त्याने कधी बघितलंच नव्हतं.

'कापडाची वस्तू' एवढं सांगून गप्प बसता आलं असतं.

"दाराखालच्या फटीत लावायची गुंडाळी," तो म्हणाला. "नाव तिनेच ठेवलं असणार. कशालाही नवीन नावं द्यायची. तुझी ती तळमळ खोड."

"कशावरून?"

"ती लावली की उजेड थांबतो. आणि पलीकडचं किंचाळणं मऊ होतं."

"कोणाचं?"

"करवतीचं. माझ्या मशीनचं. अकरा वर्षं रोज रात्री चालतंय."

मास्तर हसला. "म्हणजे तुमच्यापासूनच दार बुजवून बसायची. मी काय वेगळं लिहिलं?"

"तू रडू लिहिलंस. ती रडत नव्हती. शेवटची ओळ बघ. लिहायला बसत होती."

"अकरा वर्षं. आणि तुम्हाला पत्ता नाही."

"नव्हता."

"तेही छापू का?"

"छाप. नवऱ्याच्या मशीनचा आवाज येऊ नये म्हणून. नवऱ्याच्याच लिही, उगाच शेजाऱ्यावर ढकलू नकोस."

मास्तरने लिहिलं. सुताराने शब्द न् शब्द तपासला आणि पान परत दिलं.

"ऊठ आता. छापखाना बंद होईल."

"वही लागेल मला."

"वही इथेच राहील," सुतार म्हणाला, आणि मास्तर जाईपर्यंत त्याने वहीवरचा हात काढला नाही.