पौर्णिमाचा खरा खर्च

पौर्णिमाचे पत्र सप्टेंबरात आले होते. डिसेंबर संपत आला, तरी मी उत्तर लिहिले नव्हते. फोनवर माझी बोबडी वळते हे तिला ठाऊक होते. वडनेरच्या शाळेत मी ग्रंथपाल असताना ती रोज मधल्या सुट्टीत पुस्तक बदलायला यायची. म्हणून तिने कागदावर विचारले होते, ‘सर, दोन वेळचा डबा चोवीसशेचा आहे, एक वेळचा तेराशेचा. मी एक वेळचा केला. तरी महिन्याला सहाशे कमी पडतात. आता काय कमी करू?’

नुसते पैसे मागितले असते तर मी पाठवून मोकळा झालो असतो. या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण तो खड्डा मीच खणला होता.

आमच्या समाजाचे हिंगणघाटला मंडळ आहे. बाहेरगावी शिकणाऱ्या मुलांचा खर्च ते देते. अर्जासोबत महिन्याच्या खर्चाचा तक्ता जोडावा लागतो आणि तो सभेत सगळ्यांसमोर वाचला जातो. मीही सभासद आहे. शाली वाटताना स्टेजवर एखादा चष्मेवाला म्हातारा बरा दिसतो, एवढाच माझा उपयोग.

पौर्णिमा वर्ध्याला बीएस्सीला गेली तेव्हा तक्ता करायला माझ्याकडे आली. मी म्हणालो, “जे लागते तेच लिही. एक रुपया जास्त नाही.” खोलीचे भाडे, डबा, बस, झेरॉक्स, रिचार्ज, तेल-साबण, पॅड, फळे. बावन्नशे रुपये झाले. खाली शिफारस करणारा म्हणून मी सही केली. मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटला होता, हे सांगायला आज लाज वाटते.

जुलैच्या सभेत अध्यक्ष भैयाजींनी तक्ता हातात घेतला. त्यांचे लोखंडाचे दुकान आहे. मुक्काम ठोकून शिकायला ते कधी कुठे गेले नाहीत, त्यामुळे त्यांना सगळेच महाग वाटते.

“दीडशे रुपयाचे फळं? काऊन बाप्पा, ही पोरगी शिकाले गेली का आजारी पडाले?”

सगळे हसले. हसताना प्रत्येकाच्या हातात कचोरीची प्लेट होती, मंडळाच्या खर्चाने आलेली.

“आन् हे पॅड काय लिवलं? लिवाच्या पॅडले महिन्याले शंभर लागते?”

खजिनदार बंडूजींनी त्यांच्या कानात काहीतरी सांगितले. भैयाजींनी तो कागद हात लांब करून धरला, जणू त्याला वास येत होता. “असं सभेत लिवते का कोनी! कापा, कापा. पस्तीसशे पुरे.”

त्याच सभेत बंडूजींच्या पुतण्याला, अंकितला, सहा हजार मंजूर झाले. त्याने नऊ हजार लिहिले होते. मी तोंड उघडले, पण शब्द येईपर्यंत पुढचा अर्ज सुरू झाला. मग मी माझी कचोरी संपवली.

परवा पौर्णिमाचे वडील कैलास घरी आले. जाम गावच्या ढाब्यावर ते स्वयंपाकी आहेत.

“सर, पोरीले घरी आनून राह्यलो मी. मंडळाचा दुसऱ्या सहामाहीचा फारम येक तारखेपर्यंत द्याचा हाये, तो आता भरतच नाई. येका टाइमाले जेवते ते. परवा प्रयोगशाळेत चक्कर येऊन पडली.”

“मी लिहिणारच होतो,” मी पुटपुटलो.

“काय लिवता आता? साऱ्या गावाले मालूम हाये, मंडळ तिसरा हिस्सा कापते. म्हनून सारेच दीडपट लिवतात. म्या सांगितलं होतं तिले. तर म्हने, सरांनी खरं लिवाले सांगितलं.” “तुमाले खरंच मालूम नव्हतं?”

नव्हते. अकरा वर्षे त्या सभांना बसून मला एवढेही कळले नव्हते. पुस्तकांतल्या माणसांची मने ओळखण्यात माझे आयुष्य गेले. भैयाजी निदान अंगावरचे कपडे पाहून गिऱ्हाईक तरी ओळखतात.

“तिला आणू नका. दोन दिवस थांबा,” मी म्हणालो. कैलास चपला घालून निघून गेले.

मग मी नवा तक्ता केला. फळे आणि पॅड हे शब्द काढले आणि त्या अडीचशेला ‘प्रात्यक्षिकाचे साहित्य’ म्हटले. व्यक्तिमत्त्व विकास वर्ग, पंधराशे. इंग्रजी संभाषण, आठशे. समाजाच्या मेळाव्यांसाठी प्रवास, तीनशे. हे शेवटचे वाचून भैयाजींचा ऊर भरून येईल. एकूण सात हजार आठशे. तिसरा हिस्सा कापला की बावन्नशे उरतात. पावत्या मंडळाने आजवर कुणाकडे मागितल्या नाहीत. मागितल्या तर काय करायचे, ते मला माहीत नाही. तरी खाली सही केली.

सोबत पत्र लिहिले. चार वेळा फाडले. पाचव्यांदा एवढेच उरले: ‘पौर्णिमा, काहीही कमी करू नकोस. आजपासून दोन वेळचा डबा सुरू कर, मंजुरी येईपर्यंतचे पैसे मी पाठवतो. हा तक्ता जसाच्या तसा फॉर्मला जोड. मागच्या वेळी मी चुकीचे सांगितले होते.’

पोस्टातल्या बाईंनी पाकीट वजनाला ठेवले. “सर, साधं का स्पीड पोस्ट?”

“स्पीड पोस्ट,” मी म्हणालो. त्यांना नीट ऐकू गेले नसावे, म्हणून पुन्हा मोठ्याने म्हणालो. त्यांनी शिक्का मारला आणि पाकीट वर्ध्याच्या थैलीत टाकले.